चिठ्ठीचा फोटो म्हणजे ई-प्रिस्क्रिप्शन नव्हे

गेल्या काही वर्षांत मेडिकलच्या काउंटरवर कागद कमी आणि मोबाइल जास्त येतात. डॉक्टरांनी व्हॉट्सअपवर पाठवलेला फोटो, मुलाने पुण्याहून फॉरवर्ड केलेली पीडीएफ, कुठल्याशा ॲपमधून निघालेली टाइप केलेली चिठ्ठी. 'मागच्या वेळचं बिल आहे ना, त्यावरून द्या' हे तर कायमचंच. बीपीची किंवा थायरॉइडची गोळी असेल तर हे कसंबसं निभावून जातं. कायद्याने तिथेही चिठ्ठी लागतेच, पण तिथे कुणी हटून बसत नाही. गाडी अडते ती झोपेच्या गोळीपाशी, घाबरेपणावरच्या गोळीपाशी, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकापाशी. मी परळमध्ये काउंटरमागे उभा राहणारा फार्मासिस्ट आहे. 'सगळं डिजिटल झालंय, मग हीच चिठ्ठी का चालत नाही?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की त्याचं नीट उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

थोडक्यात उत्तर असं की चिठ्ठी डिजिटल असणं आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय लावणाऱ्या औषधांच्या बाबतीत सगळा कायदा या फरकावर उभा आहे. अमेरिकेने हा फरक ओळखून अशा औषधांसाठी वेगळी ई-प्रिस्क्रिप्शन पद्धत उभी केली. आपल्याकडे नियम कागदाचे, गिऱ्हाईक मोबाइलचं, आणि मध्ये काउंटर.

आधी ही औषधं कुठली ते बघू. घरातला औषधांचा डबा काढा. बहुतेक स्ट्रिपवर 'आरएक्स' छापलेलं असतं. काही अँटिबायोटिकच्या पाकिटांवर ते लाल रंगात आणि शेजारी लाल चौकटीत इशारा असतो. घाबरेपणावर आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमच्या स्ट्रिपवर 'आरएक्स'च्या आधी एक लाल 'एन' चिकटलेला दिसेल. आणि फारच थोड्या पाकिटांवर 'एक्सआरएक्स' असतं, ती पाकिटं बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेली नसतात.

या अक्षरांमागे दोन कायदे आहेत. पहिला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम. त्यात औषधांच्या याद्या आहेत, त्यांना आम्ही सगळे शेड्यूल म्हणतो. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही ते औषध. शेड्यूल एच वन १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत आणि अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन अशी सवय लावणारी औषधंही आहेत. कारणं अगदी वेगळी: टीबीच्या औषधाची नशा कुणी करत नाही, तिथे भीती जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची आहे. पण नियम एकच. दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. औषध निरीक्षक आले की पहिलं तेच मागतात.

शेड्यूल एक्स हा सगळ्यांत कडक गट. मुलांच्या चंचलपणावर, म्हणजे एडीएचडीवर दिलं जाणारं मेथिलफेनिडेट त्यात आहे, केटामिन आहे, बार्बिट्युरेट वर्गातली जुनी झोपेची औषधं आहेत. ती विकायला वेगळा परवाना लागतो, ती कुलपात ठेवावी लागतात, आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यातली एक दुकानदाराने ठेवून घ्यायची आणि दोन वर्षं जपायची. एवढी कटकट नको म्हणून बहुतेक दुकानं हा परवाना घेतच नाहीत. त्यामुळे डोंबिवलीची आई मेथिलफेनिडेटसाठी ठाण्यापासून दादरपर्यंत फोन फिरवत बसते.

दुसरा कायदा १९८५ चा, गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा. नाव म्हणेपर्यंत श्वास संपतो, म्हणून पोलिसांपासून पत्रकारांपर्यंत सगळे एनडीपीएस म्हणतात. सिनेमातल्या गांजा-चरसच्या धाडी याच कायद्याखालच्या, आणि तुमच्या आत्याची झोपेची गोळीही याच कायद्याच्या यादीतली. स्ट्रिपवरचा तो 'एन' तेच सांगतो. ट्रॅमाडॉल या यादीत २०१८ मध्ये आलं. दोन्ही कायद्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत ही आणखी गंमत. क्लोनाझेपाम एनडीपीएसच्या यादीत आहे, पण शेड्यूल एच वनच्या मूळ यादीत त्याचं नाव नाही. काउंटरवरच्या मुलाने हे सगळं तोंडपाठ ठेवायचं असतं, संध्याकाळी सात वाजता, समोर आठ माणसं उभी असताना.

एवढा बंदोबस्त कशाला, तर या गोळ्यांना दुसरा बाजार आहे. मुंबईत नायट्राझेपामला 'बटन' म्हणतात. मालेगावात अल्प्राझोलम 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पकडल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी येते. दुकानात काही रुपयांना मिळणारी स्ट्रिप गल्लीत कितीतरी पटीने जाते, आणि तिला दुकानातून गल्लीत नेणारं वाहन बऱ्याचदा चिठ्ठी हेच असतं. कधी खोटी, कधी खाडाखोड केलेली, कधी खरीच पण पाच ठिकाणी वापरलेली.

ही शेवटची तऱ्हा नीट समजून घ्यायला हवी, कारण फोटोचा घोळ तिथेच आहे. चिठ्ठी हा चेकसारखा कागद आहे. चेक एकदा वटला की संपला, त्याची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या शाखेत गेलात तर कॅशियर हसेल. १९४५ च्या नियमांतला नियम ६५ हेच सांगतो. चिठ्ठी लेखी हवी, डॉक्टरने स्वतःच्या नेहमीच्या सहीने सही केलेली आणि तारीख घातलेली हवी, पेशंटचं नाव आणि पत्ता हवा, एकूण किती औषध द्यायचं आणि कसं घ्यायचं ते हवं. डॉक्टरने पुन्हा द्यायला हरकत नाही असं लिहिलं नसेल तर ती एकदाच चालते. औषध देताना दुकानदाराने डॉक्टरच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. म्हणजे चिठ्ठी वटली.

आता या नियमापुढे मोबाइलमधला फोटो ठेवा. मी शिक्का कुठे मारू? मोबाइलच्या काचेवर? मी औषध दिलं, रजिस्टरमध्ये लिहिलं, गिऱ्हाईक बाहेर पडलं, आणि फोटो होता तसाच कोरा राहिला. तोच फोटो घेऊन ते भोईवाड्यात गेलं, तिथून दादरला, तिथून कुर्ल्याला. प्रत्येक दुकानदाराने आपापल्या रजिस्टरमध्ये प्रामाणिकपणे नोंद केली तरी एकाचं रजिस्टर दुसऱ्याला दिसत नाही. १५ गोळ्यांची चिठ्ठी साठची झाली, आणि कागदोपत्री कुणाचीच चूक नाही.

हे नेहमी नशेबाजच करतात असंही नाही. एकदा एक काकू आल्या. मोबाइलवर फोटो, त्यात अल्प्राझोलम, पुढे डॉक्टरच्या अक्षरात '०-०-१', म्हणजे फक्त रात्री एक, १५ दिवस. तारीख मागच्या दिवाळीची.

"काकू, ही चिठ्ठी जुनी आहे."

"अहो, गोळी तीच आहे ना? ह्यांना तिच्याशिवाय झोप नाही. डॉक्टरांचे पैसे वाचले तेवढेच."

"आणि मधले इतके महिने कुठून घेतल्यात?"

"घेत होतो की. कुणी नाही म्हटलं नाही, तुम्हीच पहिले."

काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण १५ दिवसांसाठी लिहिलेली गोळी माणूस महिनोन्‌महिने घेत होता, आणि डॉक्टरला त्याचा पत्ताही नव्हता. ही गोळी अशी लांबली की एकाएकी बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते, आणि ते काम डॉक्टरचं. मी काकूंना डॉक्टरांना फोन लावायला लावला. त्या चिडल्या, पण लावला.

'ॲपमधून आलेल्या पीडीएफवर तर सही असते!' असा पुढचा मुद्दा येतो. असते, पण कसली? बहुतेक वेळा डॉक्टरच्या सहीचं चित्र तिथे चिकटवलेलं असतं. ते चित्र कुणीही कापून दुसऱ्या कागदावर चिकटवू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे आणि त्याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला लेखी दस्तऐवजाचा, इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीचा दर्जा दिलेला आहे. मात्र ती सही कायद्याने ठरवलेल्या पद्धतीची लागते. एक तर परवानाधारक संस्थेने दिलेलं डिजिटल सही प्रमाणपत्र, सीए लोक रिटर्न भरताना वापरतात ते, नाहीतर आधारवर चालणारी ई-साइन. तिच्यात सही करणारा कोण ते पडताळता येतं, आणि सहीनंतर कागदातलं एक अक्षर जरी बदललं तरी सही मोडते. १० चे ४० केले की लगेच कळतं. चिकटवलेल्या चित्राला यातलं काहीच येत नाही.

मग कोविडच्या काळात घरबसल्या औषधं मिळत होती ती कशी? २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोनवर, व्हिडिओवर पेशंट तपासणं त्यांनी पहिल्यांदा स्पष्टपणे मान्य केलं. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पेशंटला मेसेजवर पाठवायला डॉक्टरांना परवानगी मिळाली. म्हणजे फोटो चालतो असं लिहिलेलं आहे, हे गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर. पण त्याच कागदात औषधांच्या याद्याही आहेत, आणि शेवटची यादी मनाईची आहे: शेड्यूल एक्समधली औषधं आणि एनडीपीएसखालचे गुंगीकारक व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ. ही टेलिमेडिसिनने लिहायची नाहीत. दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, घरपोच औषधं द्यायला परवानगी देणारी अधिसूचना निघाली. तिनेही एनडीपीएसमधली, शेड्यूल एच वनमधली आणि शेड्यूल एक्समधली औषधं बाहेर ठेवली. ऑगस्ट २०१८ मध्ये ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा आला होता, त्यातही गुंगीच्या औषधांना आणि शेड्यूल एक्सला दार बंदच होतं. तो मसुदा मसुदाच राहिला, ही गोष्ट निराळी.

तीनही ठिकाणी सरकारने एकच केलं. डिजिटल दार उघडलं आणि ही औषधं दाराबाहेर ठेवली. त्यात वावगं काही नाही, कारण चिठ्ठी वटली की नाही हे कळायची सोयच नव्हती. मला खटकतं ते पुढचं. सोय नाही म्हणून दार बंद ठेवलं, आणि दार बंद आहे म्हणून सोय करायची निकडच कुणाला वाटली नाही.

ही सोय कशी असू शकते ते बघायला अमेरिकेकडे जावं लागतं. तिथे सवय लावणाऱ्या औषधांचा कायदा १९७० चा, आणि अंमल डीईए या केंद्रीय यंत्रणेकडे. औषधांचे पाच वर्ग. पहिल्या वर्गातली औषधं डॉक्टर लिहूच शकत नाही, दुसऱ्यात मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, मेथिलफेनिडेट, चौथ्यात अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल. साधी औषधं तिथे आधीपासून संगणकावरून लिहिली जात होती, पण या वर्गांना ती मुभा नव्हती. डीईएने मार्च २०१० मध्ये नियम जाहीर केले, १ जूनपासून ते लागू झाले, आणि तेव्हापासून ही औषधं संगणकावरून लिहिणं कायदेशीर झालं.

या नियमांमधली मेख सहीत आहे. आधी डॉक्टरची ओळख एखाद्या मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. मोठ्या हॉस्पिटलमध्ये ते काम हॉस्पिटलचाच एक विभाग करतो. मग त्याला औषध लिहिण्याचा अधिकार संगणकात चालू करायचा, तोही एकट्याने करता येत नाही, दोन माणसं लागतात. एवढं झाल्यावर रोजचं काम सुरू. नर्स किंवा मदतनीस चिठ्ठी टाइप करून ठेवू शकतात. डॉक्टरच्या स्क्रीनवर पेशंटचं नाव, औषध, ताकद, संख्या, घ्यायची पद्धत हे सगळं दिसतं, आणि 'सही करतोय' असं त्याने स्वतः नमूद करावं लागतं. त्यानंतर दोन पुरावे द्यायचे. तीन प्रकारांपैकी कुठलेही दोन: त्याला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड; त्याच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे आकडे दाखवणारं छोटं यंत्र किंवा फोन; किंवा त्याचं शरीर, म्हणजे बोटाचा ठसा. ते यंत्र ज्या संगणकावर काम चाललंय त्याच्यापासून वेगळं असावं लागतं. ते कुणाला वापरायला द्यायचं नाही. हरवलं तर कामकाजाच्या एका दिवसाच्या आत कळवायचं.

आपल्या दवाखान्यांत डॉक्टर सह्या करून ठेवलेली कोरी पॅडं कंपाउंडरकडे देऊन जातात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या अटींचं मोल लगेच कळेल. टाइप कोणीही करो, सही एकाच माणसाच्या हातून होते, आणि कुणी, कधी, काय केलं याची नोंद यंत्रात पडते. ती नोंद पुसता येत नाही, आणि काही संशयास्पद घडलं की तिच्यावरून उलटं मागे जाता येतं. सॉफ्टवेअरची स्वतंत्र तपासणीही ठरावीक काळाने करून घ्यावी लागते.

सही झाली की चिठ्ठी पेशंटच्या हातात पडतच नाही. ती थेट पेशंटने निवडलेल्या औषधाच्या दुकानाच्या संगणकावर जाते. दुकानाने औषध दिलं की तिथेच नोंद होते. पाच दुकानांत फिरवायला काही उरतच नाही. डीईएच्या नियमांचं सगळ्यात जास्त कौतुक दोन पुराव्यांच्या सहीचं होतं, पण माझ्या मते खरं काम ही थेट वाट करते. सही चिठ्ठी खरी आहे हे सांगते, आणि वाट ती एकदाच वटेल याची काळजी घेते.

त्याच्या जोडीला बहुतेक राज्यांत एक सामायिक नोंदवही असते. दुकानाने दिलेलं प्रत्येक नियंत्रित औषध तिच्यात चढतं, आणि डॉक्टरला ती बघता येते. न्यूयॉर्कने २०१३ पासून डॉक्टरांना ही वही बघणं बंधनकारक केलं, आणि २७ मार्च २०१६ पासून चिठ्ठ्याच इलेक्ट्रॉनिक करायला लावल्या, थोडे अपवाद सोडून. पुढे २०१८ च्या केंद्रीय कायद्याने ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी औषध विम्यातही नियंत्रित औषधांची चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक हवी असं ठरवलं.

हे वाचून तिकडे सगळं आलबेल झालं असं कुणाला वाटेल. तसं नाही. ई-प्रिस्क्रिप्शन खोटी चिठ्ठी थांबवतं, खऱ्या डॉक्टरची वाईट चिठ्ठी थांबवत नाही. पैशासाठी हवं ते लिहून देणारा डॉक्टर दोन पुराव्यांनी सही करूनही तेच लिहितो, उलट आणखी पटापट. आणि चिठ्ठ्यांवरचा लगाम आवळला गेला त्या वर्षांतच तिथल्या गल्ल्यांत बेकायदा फेंटानिल, म्हणजे मॉर्फीनपेक्षाही कितीतरी जबर वेदनाशामक, शिरलं. त्याला चिठ्ठी लागतच नाही.

थेट वाटेचा त्रासही आहे. दुकानात औषध शिल्लक नसेल तर काय? कागद असता तर पेशंट पुढच्या दुकानात गेला असता. इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी मात्र त्या एका दुकानात अडकून बसायची, आणि पेशंटला पुन्हा डॉक्टरला गाठावं लागायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत एडीएचडीच्या ॲम्फेटामिन गोळ्यांचा तुटवडा जाहीर झाला, तेव्हा लोक यात अक्षरशः रडकुंडीला आले. शेवटी ऑगस्ट २०२३ पासून, न वटलेली चिठ्ठी एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळवायची मुभा मिळाली. नियम लागू झाल्यावर १३ वर्षांनी! हे आपल्याकडच्या नियमकर्त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं, कारण औषध शिल्लक नसणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे.

आणि इथेच दुसरी बाजू येते, जी परळमध्ये राहून विसरता येत नाही. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर, धर्मशाळांत देशभरातून आलेले पेशंट असतात. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेला मॉर्फीनसारखं औषध नाही, आणि ते महागही नाही. अफूची कायदेशीर शेती आपल्याकडे होते, गाझीपूर आणि नीमच इथे सरकारी कारखाने आहेत. तरी १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फीन मिळणं मुश्कील झालं, कारण हॉस्पिटलला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागत आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. डॉक्टरांनीही भीतीपोटी हात आखडता घेतला. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' असा वेगळा गट काढून देशभर एकच नियम आणला, आणि त्यात मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं घातली गेली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ती ठेवू आणि देऊ शकते.

पण ती मान्यताप्राप्त संस्था मुंबईत. पेशंट घरी जातो सावंतवाडीजवळच्या गावात किंवा बिहारमध्ये. गोळ्या संपल्या की नातेवाइकाने पुन्हा रात्रीची गाडी पकडायची. परळच्या डॉक्टरने सही केलेली, खात्रीची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी त्या माणसाच्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे थेट पोहोचली तर ही फेरी वाचेल. नियंत्रित औषधांचं ई-प्रिस्क्रिप्शन म्हटलं की सगळे नशेबाज पकडायच्या गोष्टी करतात. मला पहिल्यांदा ही फेरी आठवते.

आपल्याकडे त्यासाठी लागणारे तुकडे बरेचसे पडलेले आहेत. आरोग्याच्या नोंदी डिजिटल करण्याचं केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात पेशंटचा १४ आकडी आभा क्रमांक आहे, डॉक्टरांची नोंदवही आहे, दवाखान्यांची आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असतेच. ई-साइन आहे. दुकानांचे परवाने अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे वांद्र्याच्या बीकेसीतल्या मुख्यालयाच्या छत्राखाली आहेत. नाही ते दोन तुकड्यांमधलं शिवणकाम. दुकानाने औषध दिल्यावर 'ही चिठ्ठी वटली' असं जिथे नोंदवता येईल अशी जागा नाही. शेड्यूल एच वनचं रजिस्टर अजून ज्याच्या त्याच्या दुकानात, कुणाचं वहीत, कुणाचं बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. शेड्यूल एक्सची दोन प्रतींची अट तर कागद गृहीत धरूनच लिहिलेली आहे.

जोखीमही मोठी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कोण कुठली मानसिक आजाराची गोळी घेतं याची एकत्र नोंदवही म्हणजे चुकीच्या हाती पडली तर नोकऱ्या आणि लग्नं मोडणारी वस्तू. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आला. पण कायदा असणं आणि काउंटरवरच्या तीन मुलांचा एकच पासवर्ड नसणं यात बरंच अंतर आहे. असा पासवर्ड मी बघितलेला आहे. दुकानाचंच नाव, पुढे एक-दोन-तीन.

तोवर कागदावरच चालायचं आहे, तेव्हा निदान कागद तरी धड असू द्या. घरातल्या कुणाला अशी गोळी चालू असेल तर मूळ चिठ्ठी जवळ ठेवा, विशेषतः प्रवासात. एनडीपीएसच्या नियमांनुसार माणसाला स्वतःच्या उपचारासाठी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या एका वेळी १०० मात्रा जवळ बाळगता येतात, म्हणजे साधारण दहा-दहाच्या दहा स्ट्रिप. लांबच्या उपचारासाठी डॉक्टरने तसं मुद्दाम लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. गावाला किंवा मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी हे आधीच डॉक्टरांशी बोलून लिहून घ्यावं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, ताकद, एकूण गोळ्या अंकात आणि अक्षरात, किती दिवस, तारीख, सही आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक एवढं बघून मगच दवाखान्यातून उठा. महिनोन्‌महिने चालणारी गोळी असेल तर 'पुन्हा द्यावी', आणि किती वेळा, हेही लिहून मागा. तेवढ्या एका ओळीने तुमचं आणि आमचं भांडण टळतं. पेशंटचा पत्ता लिहायला बहुतेक डॉक्टर विसरतात. नियमात तो मागितलेला आहे, तेव्हा आठवण तुम्हीच करा.